यंत्रांची विचारपूस

त्या वर्षी नवरात्रात, सातव्या माळेला, चार लॉजवाले एकदमच रणधीरदादाच्या इंटरनेटच्या ऑफिसात येऊन उभे राहिले. सकाळपासून त्यांचं इंटरनेट बंद होतं. सोलापूरच्या गाड्या एकामागून एक तुळजापुरात रिकाम्या होत होत्या, खोल्या भरलेल्या होत्या, आणि काउंटरवर कुणाचाही मोबाइल पैसे भरायला चालत नव्हता. रणधीरदादानं मागं वळून करिश्माकडं पाहिलं. करिश्मानं भिंतीवरच्या स्क्रीनकडं पाहिलं. स्क्रीनवर झाडून सगळ्या लाइनी हिरव्या होत्या.

"हिरवं दाखवतंय, दादा," ती म्हणाली.

"मग ह्यांना काय खोटं म्हणू का मी? जा, बघून ये!"

करिश्मा लॅपटॉप पाठीला लावून गर्दीतून चालत गेली. लाइन खरंच मेलेली होती. राउटर बंद करून परत चालू केला, तशी दहा मिनिटांत ती जिवंत झाली. लॉजवाले शांत झाले, रणधीरदादाही संध्याकाळपर्यंत विसरून गेला. करिश्मा मात्र विसरली नाही. लाइन पडते, त्यात नवल नाही. पण पडलेली लाइन उभी दिसली कशी?

करिश्मा शिंगाडे तेव्हा सव्वीस वर्षांची होती. घर भूम तालुक्यातल्या ईटचं. वडील धुळाप्पा मेंढरं राखायचे; दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचे ते मिरगाच्या तोंडावर परतायचे. पोरीची शाळा बुडू नये म्हणून त्यांनी तिला तुळजापुरात इरम्मा आत्याकडं ठेवली. ती दहावीत असताना आई, सिताबाई, गेली. पुढं धाराशिवला तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि रणधीरदादाच्या इंटरनेटच्या धंद्यात लागली. बोलायला कमी, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती सुटेपर्यंत जेवणाचीही आठवण व्हायची नाही.

पौर्णिमेची गर्दी ओसरल्यावर ती त्या हिरव्या रंगाच्या मागं लागली. रणधीरदादाचे राउटर ज्या सॉफ्टवेअरवर चालत, ते ओपन सोर्स होतं. म्हणजे देशोदेशीच्या माणसांनी मिळून लिहिलेलं, कुणीही उघडून पाहावं, दुरुस्त करावं असं. कुठली माहिती कुठल्या वाटेनं जायची हे ते ठरवायचं. त्यातच एक लहानसा भाग होता, विचारपूस करणाऱ्याला उत्तर देणारा. भिंतीवरची स्क्रीन दर मिनिटाला राउटरला विचारायची, तुझे शेजारी कोण कोण जागेवर आहेत? राउटर एकेकाचं नाव घेऊन सांगायचा. ह्या जुन्या पद्धतीला एसएनएमपी म्हणतात.

चार दिवस खपल्यावर खोट तिच्या हाती लागली. यादीतला एक शेजारी बंद पडला, की त्याच्या पुढच्याचं नावही राउटर गाळायचा. सहाव्या माळेला करिश्मानंच एक जादाची लाइन बंद करून स्क्रीनवरूनही काढली होती, आणि यादीत तिच्या पुढचं नाव नेमकं लॉजच्या रस्त्याचं होतं. त्याच्याबद्दल उत्तरच येत नव्हतं, म्हणून स्क्रीन बिचारी शेवटचा रंग धरून बसली होती.

तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहून सॉफ्टवेअरवाल्यांच्या ईमेलच्या यादीवर टाकलं; तिथं एकानं लिहिलं की सगळ्यांना पोचतं. कुणी वाचेल असं काही तिला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव होतं आर्ने, नॉर्वेतल्या कुठल्याशा किनाऱ्यावरच्या गावचा, सत्तरीला टेकलेला निवृत्त इंजिनियर. हा भाग तोच बारा वर्षं सांभाळत होता. त्यानं लिहिलं होतं, "तुम्ही शोधलेली चूक माझी आहे. इतक्या वर्षांत ती कुणाला दिसली नाही. दुरुस्ती तुम्हीच करून पाठवाल का? मी मदत करतो."

करिश्मानं दुरुस्ती पाठवली. ती परत आली. परत पाठवली, परत आली. असं सात वेळा झालं. पण दर खेपेला आर्ने काय चुकलं ते समजावून सांगायचा, स्वल्पविरामसुद्धा नीट करून द्यायचा, आणि शेवटी लिहायचा, "घाई नाही." आठव्या खेपेला काम मंजूर झालं.

त्या दिवाळीला ईटला गेल्यावर तिनं मोबाइलवर वडिलांना मंजूर झालेल्या दुरुस्तीचं पान दाखवलं. "हे बघा आबा, माझं नाव. करिश्मा धुळाप्पा शिंगाडे."

धुळाप्पांनी मोबाइल हातभर लांब धरला. "आन् माजं कशाला घातलंस त्यात?"

"मग? माझं नाव तसंच हाय की."

कळप घेऊन निघायच्या आधी धुळाप्पांनी पारावरच्या दोघातिघांना सांगितलं, की आपलं नाव आता परदेशात कशाच्या तरी आत बसलंय.

तिथून पुढं तीन वर्षं करिश्मा आर्नेच्या हाताखाली शिकत राहिली. पगाराचं काम रणधीरदादाचं, आणि सकाळी ऑफिस उघडायच्या आधीचे दोन तास ह्या शिकण्याचे. आर्नेला तिनं कधी पाहिलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता. पण तो कुठल्या वाक्यावर हसला असेल, ते तिला ओळखू यायला लागलं होतं.

मग धुळाप्पांचे गुडघे गेले. चालणं होईना, कळप चुलतभावाच्या हवाली झाला, चार मेंढ्या तेवढ्या दारात राहिल्या. करिश्मा रणधीरदादाला म्हणाली, "मी ईटहून काम करते, आठवड्यातनं एकदा येते." तो कुरकुरला, पण हो म्हणाला. ती घरी आली. सकाळी वडिलांच्या गुडघ्यांना तेल लावायचं, त्यांना ओसरीवर बसवायचं, नि शेजारीच लॅपटॉप उघडायचा, असा तिचा दिवस सुरू व्हायचा.

ह्याच दिवसांत आर्नेची पत्रं आखडत गेली. आधी पानभर असायची ती चार ओळींवर आली, मग एका ओळीवर. तिनं पाठवलेल्या दुरुस्त्या महिना-महिना तशाच पडून राहू लागल्या. आणि एका सकाळी यादीवर ठराव आला: एसएनएमपीचा भाग पुढच्या आवृत्तीतून काढून टाकावा. नव्या पद्धती आल्या आहेत, हा भाग जुना आहे, चाचण्या नापास होतात आणि त्याच्याकडं बघायला कुणी नाही. खाली आर्नेचं एका ओळीचं उत्तर होतं. "काढा. माझ्याकडून आता होत नाही."

करिश्मानं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. त्या एवढ्याशा ओळीत दोन शब्दांची स्पेलिंगं चुकलेली होती. तिचे स्वल्पविराम सुधारणाऱ्या माणसाची.

तिनं त्याला वेगळं पत्र लिहून नंबर मागितला आणि आयुष्यात पहिल्यांदा परदेशात फोन लावला. पलीकडचा आवाज खोल आणि सावकाश होता.

"करिश्मा? तू आहेस होय? तुझा आवाज मला वाटला होता त्याहून बारीक आहे."

"तुम्ही बरे आहात ना, सर?"

"मी बरा आहे. डोळे बरे नाहीत. मधोमध काळं दिसतं, कडेचं तेवढं दिसतं. अक्षरं मधोमध असतात, काय करणार?" तो हसला. मग म्हणाला, "तुला आधीच सांगायला हवं होतं. सांगवलं नाही."

फोन ठेवून ती बाहेर आली, तेव्हा धुळाप्पांनी तिच्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. "काय झालं गं?"

तिनं सांगितलं. त्यांना त्यातलं यंत्रांचं काही कळलं नाही, पण म्हाताऱ्याचे डोळे गेले हे कळलं. गुडघा चोळता चोळता त्यांनी विचारलं,

"आन् त्ये काम? त्ये कोण बघणार?"

"कुणीच न्हाय. काढून टाकणारेत."

"कुणाच्या उपयोगाचं हाय का पर त्ये? का हाय आपलं उगंच?"

खरंच, कोण वापरतं? तिनं यादीवर तेवढंच विचारलं: हा भाग कुणाच्या कामाचा आहे? असेल तर दोन ओळी लिहा.

आठवडाभर पत्रं येत राहिली. पेरू देशातल्या डोंगरातली एक बाई एकटीनं एकोणीस शाळांचं जाळं सांभाळत होती. तिची यंत्रं जुनी होती आणि त्यांना दुसरी कुठली भाषा येत नव्हती. कुणी बेटावरच्या दवाखान्याचा होता, कुणी पाणीपुरवठ्याचा. ह्यांतल्या एकानंही आजवर यादीवर अक्षर लिहिलं नव्हतं. सगळं नीट चालतंय तोवर लिहायचं तरी काय?

करिश्मानं ती पत्रं वडिलांना मराठीत वाचून दाखवली. एकोणीस शाळांच्या बाईपाशी धुळाप्पांनी तिला थांबवलं.

"एकलीच बघती व्हय सगळं?"

"व्हय."

"मग घे की तू. वाट कुणाची बघती?"

"आबा, मोठी मोठी माणसं हायत तिथं. मला जमंल का? एकदा हो म्हणलं की सोडता येत न्हाय."

"मग मला कुठं सोडलंस?" ते म्हणाले. "रोज तेल लावतीस का न्हाय?"

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. त्या दुपारी तिनं यादीवर एक वाक्य लिहिलं, तीनदा खोडून. "हा भाग मी सांभाळते."

उत्तर रोखठोक आलं. सहा आठवड्यांत सगळ्या चाचण्या पास झाल्या तर भाग राहील. नाहीतर जाईल.

पाच आठवड्यांत तिनं एक सोडून सगळं मार्गी लावलं. त्या एका जागेनं मात्र तिला रडकुंडीला आणलं. आर्नेनं फार पूर्वी लिहिलेला तो तुकडा होता. त्यात उत्तर देण्याआधी राउटर विनाकारण दोन सेकंद थांबायचा. ते थांबणं काढलं की चाचणी पास व्हायची. पण का घातलं होतं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. बाकीचे म्हणाले, काढून टाक. करिश्माचा हात धजेना.

रविवारी दुपारी तीनला तिनं आर्नेला फोन लावला. तिकडं सकाळ होती. "सर, मी वाचते. तुम्ही ऐकाल?"

"वाच."

ती ओळीमागून ओळ वाचू लागली. कंस उघडला, कंस मिटला, नाव, आकडा, सगळं. ओसरीवर धुळाप्पा मान खाली घालून, पोथी ऐकावी तसे ऐकत होते. पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. फोन कट झाला की काय म्हणून ती मध्येच थांबली.

"थांबू नकोस," आर्ने म्हणाला. "मला दिसतंय."

अठ्ठावन्नाव्या ओळीला तो मोठ्यानं हसला आणि सांगू लागला. बंदरावरच्या एका खोलीत एक मठ्ठ यंत्र होतं, त्याला प्रश्न विचारल्यावर उत्तर ऐकायला तयार व्हायलाच वेळ लागायचा. त्याच्यासाठी ते दोन सेकंद होते. यंत्र केव्हाच भंगारात गेलं, पण त्याच जातीची आणखी कुठं कुठं असतील. "सगळ्यांना थांबवू नकोस," तो म्हणाला. "ज्याला गरज आहे त्याच्यापुरतंच थांब. तसं लिहिता येईल?"

तसं लिहिता आलं. मुदतीच्या चार दिवस आधी शेवटची चाचणी पास झाली आणि भाग राहिला. कोणता तुकडा कोण सांभाळतं त्याची एक फाइल असते. तिच्यात आता करिश्माचं नाव चढलं. आर्नेचं खोडावं असा नियम होता. तिनं तो पाळला नाही, आणि कुणी तिला विचारलंही नाही.

रविवारचा फोन मात्र चालूच राहिला. कामाचं निमित्त असो-नसो, तीन वाजले की धुळाप्पाच आठवण करायचे, "अर्नाप्पाला लाव की." तिकडच्या थंडीची नि इकडच्या गुडघ्यांची चौकशी व्हायची, मध्ये करिश्मा दुभाषी. एकदा धुळाप्पांनी विचारलं, की तुमच्याकडं मेंढरं असतात का. असतात, आर्ने म्हणाला, आणि पावसात भिजली की त्यांचा वास माझ्या घरापर्यंत येतो. धुळाप्पा त्या दिवशी फार खूश झाले.

गेल्या फाल्गुनात करिश्मानं पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यानं एक मोठा नवा तुकडा लिहिला. एकोणीस शाळांच्या बाईंनी मागितला होता तो. दोन जाणत्या माणसांनी तपासून ठीक म्हटलं होतं. यादीवर चढवायच्या आधी रविवारी तिनं तो आर्नेला वाचून दाखवला. तीनशे ओळी, पाऊण तास. मध्ये धुळाप्पांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

वाचून संपलं. ती तांब्यातलं पाणी प्यायली.

"कसं वाटलं, सर?"

"चांगलं आहे. माझ्यापेक्षा चांगलं लिहितेस तू," तो म्हणाला. "पण ती मधली ओळ पुन्हा वाच. जिथं नावांची यादी संपते, तिथली."

तिनं वाचली. अर्ध्यावरच तिला चूक दिसली. नावांची यादी संपल्यावरही ती ओळ एक घर पुढं जात होती. दोन जाणत्यांनी डोळ्यांनी तपासलं होतं, त्यांच्या नजरेतून सुटली होती ती.

"अगंबाई," ती मराठीतच म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही, सर. चुकलंच माझं."

"घाई नाही," आर्ने म्हणाला. "मी लाइनवर आहे. कर दुरुस्त."

धुळाप्पांनी भुवया उंचावून विचारलं, काय झालं? "अर्नाप्पांनी चूक पकडली," ती हसत म्हणाली आणि लॅपटॉप मांडीवर ओढून लिहायला बसली.