उतारावरचा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर चालू व्हत न्हाई म्हणून बोंब मारणारी माणसं लई बघितली. पण ट्रॅक्टर बंद केला न्हाई म्हणून झुरणीला लागलेला माणूस मी एकच बघितला, आन् तो नेमका माह्याच कपाळी आला.

त्यायचं नाव मी घेत न्हाई. गाव त्यायला आश्रुबा म्हणतं. धारूरच्या घाटाखाली आमचं गाव, डोंगराच्या कडेला आमचं रान. ट्रॅक्टर परळीहून जुनाच आणलता. आधीच्या मालकानं त्याच्यावर थर्मलच्या वीजघराची राख वाहिलती, नट खोलला की अजून राख गळायची. पूजा करायला मी हळदीकुंकू लावलं तर बोटच राखेनं भरलं. "काय ही सवत आणली घरात!" मी म्हणले, तर हे पोट धरून हसले. तवा हे लई हसायचे.

त्या सवतीचा सेल्फ पयल्यापसून मेलेला. म्हंजी चावी फिरवून ते कधी चालू झालंच न्हाई. मारुतीच्या देवळापाशी उतार हाय, तिथं ट्रॅक्टर लावायचा आन् टायरखाली धोंडा ठिवायचा. सकाळी धोंडा काढला की ते आपसूक गडगडायचं, मग हे गिअर टाकायचे की झालं चालू. एकदा रानाच्या सपाटीला गेलं की दिवसभर बंद करायची सोय न्हाई. हे लिंबाखाली भाकर खायलेत आन् ते शेजारी धडधडायलंय. डिझेल जळायलंय म्हणून मी वरडले की म्हणायचे, "बंद करतो, पण ढकलायला तुझं माहेर बोलवावं लागंल बग."

त्र्याण्णव साली गणपती बुडवले आन् त्याच पहाटं जमीन हालली. आमच्या घरात उतरंड पडली. किल्लारीकडं गावंच्या गावं पडली. गावानं घरटी भाकरी गोळा केल्या, ट्रॉली भरली, वर साखळदंड टाकला आन् हे निघाले. मीच कपाळाला बुक्का लावून धाडलं.

घट बसायच्या आधी परत आले. ट्रॅक्टर देवळापाशी लावला, टायरखाली धोंडा ठिवला आन् परत त्याला हात लावला न्हाई. गावानं काय ते वळखलं. त्या ट्रॉलीतून मुडदे वाहिलेत, काहीतरी संगं आलंय, म्हणायले. शेजारची छबुबाई तर मला म्हणली, "केसर, सांजच्याला त्याच्यावर कुणीतरी बसल्यालं दिसतंय गं."

मी म्हणले, "बसू दे की. रिकामंच बसलंय तर नांगरायला लाव म्हणावं."

बोलायला काय जातंय? पण रातीला मीच दोनदा उठून दाराची कडी बघायचे. कारण ह्यायला खरंच काहीतरी धरलं व्हतं. पिठाच्या गिरणीत गेले की हात वर करायचे, "गप! बंद कर!" ज्वारीची मळणी चालली व्हती, तर ह्यायनी मशिनीचा पट्टाच काढून फेकला. म्हणले, "खालून कुणीतरी हाक मारायलंय." कुठलंही इंजिन लागलं की झालं सुरू. देवरुषाकडं नेलं, दर्ग्यावर नेलं, दंडात ताईत बांधला. पालथ्या घड्यावर पाणी! माणूस दिसामासानं वाळत चाललं.

पाडवा झाला. रान तापून दगडावानी झालं व्हतं, आन् त्यात कुंद्याचं चिवट गवत माजलेलं. रब्बी बैलं मागून कशीबशी निभावली, पण कुंद्याचं रान बैलाच्या नांगराला दाद देतंय व्हय? मृगाच्या आत ट्रॅक्टरनं नांगरणी व्हयला पायजे व्हती, आन् ट्रॅक्टरवर ह्यायनी बसायला पायजे व्हतं. न्हाई बसले तर रान पडीक राहणार आन् माणूस वेड्याच्या इस्पितळात जाणार. माह्या डोळ्यापुढं दोन्ही दिसत व्हतं.

त्या सालात नव्या ट्रॅक्टरचे एजंट गावोगाव फिरायचे, इस्तरीची प्यांट घालून. आमच्याकडं बी एक आला. जुना द्या, नवा घ्या, कागदाचं आमी बघतो. मी तर त्या सवतीची खणानारळानं ओटी भरून पाठवणी केली असती. पण कोपऱ्यात बसलेले हे एकदम बोलले, "देयचा न्हाई. त्याला सेल्फ बसवायचा."

इतक्या महिन्यांनी माणूस सरळ बोललं. मी एजंटाला च्या पाजून वाटंला लावलं.

चौसाळ्याचा धुळाजी मिस्त्री ह्यायचा जुना मैतर. तो नवा सेल्फ आन् बॅटरी घेऊन आला. हवेच्या जाळीत उंदरानं घर केलतं, ते काढलं. डिझेलच्या नळीत हवा धरलती, ती काढली. नांगराचे बोल्ट गंजून बसलते, त्याच्यावर डिझेल वतून ठिवलं. फाळ लोहाराकडनं धार लावून आणले. मी पाण्याच्या कळशा आणून देत व्हते. हे ट्रॅक्टरखाली उताणे पडून पाना फिरवायले व्हते, नुसते पाय दिसायचे.

धुळाजीनं इचारलं, "काय बे आश्रुबा, इतकी वर्षं गडगडवत आलास. आताच कावून सेल्फ?"

खालून आवाज आला. "तिकडं किल्लारीकडं एका गावात साखळीनं दगडं वढायलो व्हतो. एक म्हातारी आली, माझा पाय धरला. म्हणली, बाबा, बंद कर, खालून हाक येतीय."

"मग?"

"जागा समदी सपाट. बंद केला तर चालू व्हणार न्हाई. फुडं ढिगारे पडलेले, लोकं वाट बघायलेले. मी म्हणलो, मावशी, येवढं वढतो, मग करतो. वढलं. मग दुसऱ्यायनी बोलावलं. मी गेलो."

"खाली कुणी व्हतं का?"

"तेच तर ठावं न्हाई ना बे! मी बंदच केला न्हाई."

मी कळशी घेऊन तशीच हुभी. जमिनीतून बोलल्यावानी तो आवाज, आन् वर ते धूड. इतके दिवस मी ह्या माणसावर खेकसत व्हते, ताईत बांधत व्हते. लई वाईट वाटलं मला.

सांजपातुर सेल्फ बसला. चावी फिरवली की चालू, दांडी वढली की बंद. चालू, बंद. हे लेकरावानी करत बसले, आन् मला वाटलं, सुटलो बाई.

कशाचं काय! रोग रेड्याला आन् औषध पखालीला. दुसऱ्या दिवशी रानात गेलो. हे नांगराचं एक तास काढायचे, बांधापातुर एक ओळ झाली की बंद करायचे, मान वाकडी करून ऐकायचे, मग परत चालू. मग ओळ अर्ध्यावर आली की थांबायले. दुपारपातुर चार पावलं चालले की बंद. नवी बॅटरी, ती तरी किती सोसंल? वरच्या बांधाला जाऊन ट्रॅक्टर जो बंद झाला तो चावीला बोलंना. हे टायरखाली धोंडा ठिवून चाकाला टेकून बसले आन् मोठ्यानं रडायले.

"केसर, मला जमत न्हाई. चालू असलं की खालची ती हाक मारती. बंद केलं की गप व्हती."

अशा वक्ताला मला रडू येत न्हाई, राग येतो. म्हणले, "उठा! रडून रान नांगरत न्हाई. रानाला उतार हाय, धोंडा काढा आन् करा चालू. मी बसते चाकावरच्या मडगारावर. तुमी तासाकडं बघा, ऐकायचं काम माझं. पल्याडच्या गल्लीत लेकरू कुसमुसलं तरी मला कळतंय. हाक आली की खांद्यावर हात मारीन, मग बंद करा."

"खरंच ऐकशील?"

"आईची आन."

धोंडा काढला. सवत गडगडली आन् धूर टाकून चालू झाली. फाळ जमिनीत शिरला, ढेकळं पलटी व्हयला लागली. एक तास झालं, दोन झाली. ह्यायनी मान वाकडी केली न्हाई. ढेकळामागं बगळे आले तर हे त्यायला बघून जरासे हसले. किती महिन्यांनी!

आन् खालच्या बांधाला वळताना मला हाक आली.

इंजिनाच्या खालून, बारीक. बाईमाणसाची व्हती का लेकराची, सांगता येत न्हाई. पण हाकच व्हती. माझा हात वर गेला, ह्यायच्या खांद्यापातुर गेला. खाली सपाटी व्हती, आता बंद केला तर चालू व्हणार न्हाई. मी ह्यायच्या तोंडाकडं बघितलं. हात माघारी घेतला आन् मडगार घट्ट धरला. मनात म्हणले, माय, आता तू मला हाक मार. ह्या माणसाला सोड.

त्या साली आमचं रान मृगाच्या आत झालं. मग लोकायनी बी बोलावलं. अजून आमी दोघंच जातो, हे चालवतेत आन् मी मडगारावर. गाव हसतं, आश्रुबाची बायको ट्रॅक्टरवर मिरवती म्हणतं. मिरवती तर मिरवती. ह्यायला आता झोप लागती, घोरतेत सुदीक. मला तेवढी लागत न्हाई.

रोज सांजच्याला ट्रॅक्टर देवळापाशी लावला, धोंडा ठिवला की हे इचारतेत, "काय ऐकू आलं का गं?"

"काय बी न्हाई," मी म्हणते. मग हे हातपाय धुतेत आन् मी भाकर वाढते.