एका सर्व्हरचे दोन केले तेव्हा

जालन्यातल्या एका बियाणे व्यापाऱ्याची वेबसाइट मी वडीगोद्रीत, आमच्या घरी बसून सांभाळायचे. गावोगावचे दुकानदार तिच्यावर बियाण्याची मागणी नोंदवत. साइट चालवणारा प्रोग्राम आणि साऱ्या नोंदी जपणारा डेटाबेस, दोन्ही एकाच सर्व्हरवर. हंगामात सगळे दुकानदार एकदम आले की प्रोग्राम मेमरी खाऊन टाकायचा आणि डेटाबेस बंद पडायचा. मग शेठचा फोन. लॅपटॉप घेतल्याशिवाय मला कुठं जाताच यायचं नाही. अंघोळीला गेले तरी मोबाईल न्हाणीच्या खिडकीत.

एकदा आईला घेऊन पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला गेले. देवळासमोर गाडी थांबली आणि फोन वाजला.

"ताई, समदं बंद पडलं. जल्दी बघा."

आईनं विचारलं, "तू येतीस का न्हाई?"

"तू हो पुढं."

ती ओटीचं ताट घेऊन एकटीच गेली. मी गाडीत घामाघूम होऊन सर्व्हर सुरू करत राहिले. सुरू केला की पुन्हा पडायचा. आई परत आली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ताट मांडीवर घेऊन शेजारी बसली. देवळासमोर येऊन मी आत गेलेच नाही, ते लागलं मला.

मी जालन्याला जाऊन शेठना म्हटलं, "डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर नेऊ द्या. गर्दी झाली तरी नोंदींना धक्का लागणार नाही."

"चालू राह्यलंय ना? मंग कशाला हात लावता?"

"ते चालू नाही, मी चालू ठेवतेय."

ते म्हणाले, "करा."

हंगाम उतरल्यावर एका रविवारी साइट थांबवून मी डेटाबेस हलवला. नोंदी नीट पोचल्या, पण साइटला डेटाबेसच सापडेना. दुपार त्यातच गेली. नवा सर्व्हर बाहेरून येणाऱ्या कुणालाच आत घेत नव्हता, आमच्या प्रोग्रामलाही नाही. त्याला परवानगी दिली आणि पान उघडलं. मी एकटीच हसले.

पुढच्या हंगामात गर्दी वाढली तेव्हा प्रोग्रामसाठी फक्त आणखी एक सर्व्हर जोडला. डेटाबेस एकदाही बंद पडला नाही. साइट आता माझ्यावाचून चालायची, आणि मला पुण्यात काम मिळत होतं. ते सांगायला मी शेठकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी चहा मागवला.

"ताई, बिलकुल बराबर चालून राह्यलं. आता गोदाम, गाड्या, समदं ह्याच्यावरच टाकायचं. तुम्हाला आता सोडताच येत न्हाई!"

ते कौतुकानं बोलत होते. मी चहा पीत गोदामाची माहिती विचारत बसले. पुण्याचा विषय निघालाच नाही.