केळ्यांचा वास
परवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात वडिलांनी काढलेलं पहिलं पुस्तक उघडलं आणि पिकल्या केळ्यांचा वास आला. बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागात वडिलांचं एका खोलीचं प्रकाशन होतं. शहराच्या जुन्या पाणीव्यवस्थेवरचा एका प्राध्यापकांचा प्रबंध त्यांनी छापला, पण गठ्ठे ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते मामांच्या केळी पिकवायच्या खोलीत रचले. प्राध्यापक प्रत न्यायला आले तेव्हा पानं दमट झाली होती. त्यांनी पुस्तक नाकाशी धरलं. वडील ओशाळले. म्हणाले, "सर, किताब तर केळ्यांसोबत पिकून गेली. पुन्हा छापून देतो." प्राध्यापक म्हणाले, "कशाला? अक्षरं शाबूत आहेत ना? चार जणांच्या हातात फिरलं की वास आपोआप उडेल." ग्रंथालयातली ती प्रत अजून घमघमत होती.