शैलाच्या दोन ओळी

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाभुळगावच्या बसमध्ये होते. त्याला आता काही आठवडे झाले. रडू ओसरलं, राग मात्र काही केल्या जात नाही.

यवतमाळच्या वकिलाची ही मुलगी, कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. घाटंजीकडच्या तांड्यांवर फिरून बंजारा बायांच्या जुन्या भरतकामाचे फोटो काढायची. इतके मोठे, की दोरा कापडात कुठे शिरला ते दिसावं. एवढे जड फोटो, ती ज्या संस्थेसाठी हे काम करायची तिच्या वेबसाइटवर चढत नसत, म्हणून उतारवयात ही बाई कमांड टाइप करायला शिकली. काळ्या पडद्यावर पहिली ओळ, की सगळ्या फोटोंची नक्कल व्हायची. नकलेच्या फोल्डरमध्ये दुसरी ओळ, की तिथले सगळे फोटो एका दमात लहान. "एकेक घेऊन बसली तं माही तेरवी होऊन जाईन," म्हणायची. मी एकदा विचारलं, नक्कल कायले, थेट लहान कर ना... तर भडकलीच. "लहान केलेला फोटो पुन्हा मोठा होत नाही, सुनंदा. मुळाले हात लावायचा नाही."

तिचा कॉम्प्युटर तिच्या इच्छेनुसार संस्थेकडे गेला. शोकसभेत 'अमूल्य ठेवा' म्हणत गहिवरलेल्या सचिवांना लगेचच त्यात जागा कमी वाटू लागली. वरच्या बाणाची कळ दाबली की शेवटची ओळ परत येते, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मूळ फोटोंच्या फोल्डरमध्ये शिरून ती कळ एकदा दाबली, आलेली ओळ चालवली आणि चहाला गेले. दुसऱ्या डिस्कवर मूळ फोटोंच्या प्रती होत्या, त्या 'डबल कायले' म्हणून पुसल्या.

मग तांड्यावरून कमलाबाई आल्या. त्यांच्या आईचा फेटिया, म्हणजे भरतकामाचा घागरा, केव्हाच विरून गेला. शैलाच्या फोटोवरून तसाच नातीच्या लग्नासाठी भरायचा होता. मी सोबत होते. फोटो मोठा केला, तर नुसते रंगीत चौकोन. कमलाबाई पडद्याला नाक लावून बघत राहिल्या.

"माह्या याडीचा टाका काहून दिसून नाही राह्यला, बाई?"

सचिव म्हणाले, "फोटो तं तोच आहे न, मॅडम." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अज्ञान समजू शकते मी. पण ज्या बाईच्या फोटोला हार घातला, तिला जिवंतपणी एकदाही विचारलं नाही, की तू हे कसं करतेस?

सचिव गेल्यावर मी शैलाच्या कॉम्प्युटरसमोर बसले. वरचा बाण एकदा दाबला, लहान करायची ओळ आली. पुन्हा दाबला... आली तिची पहिली ओळ, नकलेची. सचिवांना एवढंच करायचं होतं, आणखी एकदा बोट टेकवायचं. कमलाबाई अजून पडद्याकडेच बघत होत्या. ती ओळ मी चालवली नाही. नक्कल करावी असं त्यात आता काही उरलं नव्हतं.