आकडीसकट सापडलेली कोयती

ती घटना आठवली की आजही माझे डोके फिरते.

रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका संध्याकाळी एक बाई आली. तिचा नवरा वाटाड्या. सकाळी तिघा पर्यटकांना घेऊन जंगलात गेला, तो परतला नव्हता. पर्यटक मात्र खेडच्या लॉजवर सुखरूप होते. मी फोन लावला. "तो वाटेत आम्हाला सोडून घरी गेला," असे उत्तर आले आणि मी ते खरे मानले. शहरातली माणसे, इंग्रजी बोलणारी, खोटे कशाला बोलतील!

"पिऊन पडला असेल कुठेतरी. सकाळपर्यंत थांब," मी तिला म्हणालो. स्टेशन डायरीत लिहिले, 'पत्नीस समज देऊन घरी पाठवले.'

ती घरी गेलीच नव्हती. सकाळी हजेरीच्या वेळी व्हरांड्यातल्या बाकावर तशीच बसलेली होती.

नऊच्या सुमारास लॉजच्या झाडूवालीचा फोन आला; वाटाड्या परतला नसल्याचे तिने लॉजवर ऐकले होते. पर्यटक सामान भरत होते आणि त्यांच्या गाडीत तिला कोयती दिसली होती, आकडीसकट. आमच्याकडे रानात जाणारा माणूस कमरेला लाकडी आकडी बांधतो आणि तिच्यात कोयती अडकवतो. तिघांना गाडीसह ठाण्यात आणले. आकडीच्या दोरीला लुगड्याची हिरवी पट्टी गुंडाळलेली होती. बाईने ती लगेच ओळखली.

"ही पट्टी मीच बांधलीय. सायेब, आमचे ह्ये भाकर देतील कुनाला, पन रानात कोयती सोडायचे नायत."

तिघांना वेगवेगळे बसवले. दोघे म्हणाले, त्याने भेट दिली. तिसऱ्यासमोर मी कोयती आपटली. "कारवीच्या दाट रानातून हिच्याशिवाय तो घरी गेला? कसा गेला, दाखव चालून!"

तो रडायलाच लागला. व्हिडिओसाठी त्याने वाटाड्याची आकडी कोयतीसकट स्वतःच्या कमरेला बांधली होती. तेवढ्यात त्यांचा ड्रोन कड्याखाली अडकला. वाटाड्याला तसाच, मोकळ्या हातांनी खाली उतरवले. तो घसरला. खालून त्याच्या हाका येत होत्या आणि हे तिघे निघून आले. का, तर लफडे नको! माझा हात उठला होता. कसाबसा आवरला.

गावकरी दोर घेऊन आले. दुपारी तीनला घळीत तो सापडला, जिवंत. उजवा पाय दगडाखाली चेंगरलेला. पाय कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, रात्रीच आणला असता तर कदाचित वाचवता आला असता.

गुन्हा दाखल झाला, तिघांना जामीनही मिळाला. त्यांचा मला संताप आहेच. पण त्यांनी एकदा त्याच्या हाकांकडे पाठ फिरवली, तशी मीही फिरवली होती, तीही खुर्चीत बसून. डायरीतली ती ओळ माझ्याच अक्षरात आहे. त्यानंतर माझ्या ठाण्यात बेपत्ता माणसाच्या घरच्यांना 'सकाळी या' कोणी म्हणाले नाही. म्हणू दिलेच नाही.

कोर्टाच्या आदेशाने मुद्देमालातली कोयती परत द्यायची होती. ती घ्यायला बाईच आली. अंगठा उठवला आणि तिथेच, माझ्यासमोर, तिने आकडी स्वतःच्या कमरेला बांधली.

"आता रानात मीच जातंय, सायेब," ती म्हणाली. "परत नाय आलं, तर सकाळची वाट बगू नका."