बोटाला लावायची चिमटी

आमचे भावजी परदेशात हॉस्पिटलची मशिनं दुरुस्त करायचे. उभी हयात तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत, स्क्रू आणि वायरींच्या पसाऱ्यात गेली. माणसाशी दोन शब्द बोलायचे तर जिवावर यायचं, पण बंद पडलेलं मशीन दिसलं की स्वारी खूश. सुट्टीला आले की एकच किस्सा. पडद्यावरची रेघ सपाट होते, नर्सची पळापळ होते, मग भावजींना बोलावतात. ते पेशंटच्या बोटाची चिमटी काढून स्वतःच्या बोटाला लावून बघतात आणि वायर बदलून येतात. "रेघ गेली म्हणून माणूस जात नाही, वहिनी. वायर जाते." आम्हीही दरवेळी नव्यानं हसायचो.

सासरे गेले तेव्हा भावजी तिकडे. सासूबाई गेल्या तेव्हाही तिकडेच. फोनवर नुसतं "बरं" म्हणाले. तेव्हा मला भयंकर राग आला होता. आता काहीच येत नाही.

माझ्या नवऱ्याला डॉक्टरांनी "आता घरीच न्या" सांगितलं, तेव्हा मात्र भावजी नोकरी सोडून आले. "दादाच्या वेळी मी समोर असणार," म्हणाले.

आले, आणि पलंगाशेजारी मशीन मांडून बसले. दिवसभर डोळे पडद्यावर. वायरी पुसायच्या, आवाज कमीजास्त करायचा. ह्यांना बिचाऱ्यांना भावाशी बोलायचं होतं, बाकी काही नको होतं. "मशीनची तब्येत विचारून झाली असेल तर माझीही विचार," एकदा म्हणालेसुद्धा. भावजी हसले, पुन्हा पडद्याकडे वळले. मी वैतागून म्हटलं, "अहो, हातात हात तरी घ्या त्यांचा." घेतला. चिमटी नीट बसली आहे का ते बघितलं आणि सोडला.

त्या दुपारी मी औषध घेऊन खोलीत गेले, तर रेघ सपाट. भावजींनी वायर हलवून बघितली. मशीन बंद करून चालू केलं. मग ह्यांच्या बोटाची चिमटी काढून स्वतःच्या बोटाला लावली. रेघ उठली, मस्त पळायला लागली. माझ्या जिवात जीव आला.

"झालं ना नीट?" मी विचारलं.

"मशीन चांगलं आहे, वहिनी," ते म्हणाले.

चिमटी त्यांच्याच बोटाला होती. भावाकडे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.