भाद्रपदातली खळ

खळ घट्ट झाली आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा निम्मा ताणा वाळत आला होता.

धारूरच्या घाटाखाली आमचं गाव. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते घोंगड्या विणतात. घोंगडीच्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात. मागावर चढवण्याआधी तो अंगणात खुंट्यांना ताणून बांधायचा आणि त्यावर कुंच्यानं चिंचोक्याची खळ लावायची, म्हणजे लोकरीच्या धाग्याला बळ येतं. खळ पातळ झाली तर विणताना धागा तुटतो. घट्ट झाली तर धागे एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना तुटतात.

आमच्याकडे बाया लोकर पिंजतात, सूत काततात, चिंचोके वाटतात. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं ते पुरुषांनी. आईचं सगळं आयुष्य सूत कातण्यात गेलं, पण आडवा धागा टाकणारा धोटा तिनं कधी हातात घेतला नाही. मी घरातली पहिली पदवीधर. आई-आबांनी शिकवलं म्हणून अंबाजोगाईला जाऊन बी.ए. झाले आणि परत येऊन विणायला शिकायचा हट्ट धरला. पहिल्यांदा खड्ड्यात उतरले तेव्हा चुलते दारातूनच म्हणाले होते, "खड्ड्यातच बसवायची व्हती, तर कालेजात कावून घातली पोरीला?" आबांनी माझ्या हातात धोटा दिला होता.

पुढं आबांची नजर मंदावली. एका संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की हा ताणा तू एकटीनं तयार कर. मागावर नीट चालला तर माग तुझा. नाही चालला तर सोमवारी गवंडी येईल, खड्डा बुजवून वर फरशी टाकू. ते रागावलेले नव्हते. "अर्धवट येणाऱ्या कामात तुला अडकवून मला जायचं न्हाई, माय," एवढंच म्हणाले. आणि ताणा बांधला त्या दिवशी मुद्दामच डोळे दाखवायला तालुक्याला गेले.

मला भीती नव्हती. माझ्याकडे वही होती. चैत्रात आबा खळ करत असताना मी शेजारी बसून सगळं टिपून घेतलं होतं. किती चिंचोके, किती तांबे पाणी, किती वेळ शिजवायचं. आबा स्वतः काहीच मोजत नाहीत. दोन बोटं बुडवतात आणि थेंब कसा तुटतो ते बघतात. त्या थेंबाचं मी माप करून ठेवलं होतं, खाली लाल रेघही ओढली होती.

वहीप्रमाणे सगळं अचूक केलं. पण आता भाद्रपद होता. हवा दमट. चैत्रात हात फिरता फिरता वाळणारी खळ धाग्यांवर तशीच बसून राहिली आणि वाळली तेव्हा चार-चार धागे धरून वाळली. आईनं हात लावून पाहिला. "पापडावानी झालंय," ती हळूच म्हणाली.

भिजवून धुवावं तर हातकताईची लोकर आटून गोळा होते. एकच मार्ग होता. ओलं फडकं फिरवायचं आणि धागा धाग्यापासून बोटांनी सोडवायचा. ताण्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आई. घाटावर आभाळ भरत होतं. एक सर आली असती तरी सगळं संपलं असतं. आम्ही जेवलो नाही. काही ठिकाणी धागा सुटायचा, पण त्याचं अंग सोलून निघायचं. असा धागा मागावर टिकणार नाही हे मला कळत होतं. आई मध्येच म्हणाली, ते आले की आभाळानं खराब झाला म्हणू. मी नाही म्हणाले नाही.

चारच्या सुमारास आबा आले. ताण्याखालून तळहात फिरवत एका खुंटीपासून निघाले आणि मध्यावर थांबले.

"खळ कुणी केली?"

आईनं आभाळाचं सुरू केलं. मी तिला थांबवलं आणि मीच केली, वही बघून केली, असं सांगितलं. त्यांनी वही वाचायला लावली. मी वाचली. लाल रेघेपर्यंत त्यांनी शांतपणे ऐकलं.

"बरोबर हाय. उन्हाळ्याचं हाय," ते म्हणाले. मग, "सकाळी मला कावून इचारलं न्हाई?"

"परीक्षा होती ना, आबा."

"परीक्षा तुझ्या कालेजात. हितं इचारायचं असतंय."

तरीही ताणा त्यांनी मागावर चढवायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खड्ड्यात बसले. ते काठाशी डोळे मिटून बसले होते, कान मागाकडे. लोकरीचा धागा तुटतो तेव्हा बारीक आवाज येतो. पहिल्या वितीत तो सारखाच येत राहिला. मी थांबायची, गाठ मारायची, पुन्हा धोटा टाकायची. आबा मदतीला सरकले नाहीत. आईचा चरखा थांबला होता. दुसऱ्या वितीला आवाज विरळ झाले. सोललेला भाग आला तेव्हा मी ताण्याची ओढ सैल केली. हे वहीत कुठं नव्हतं. तीन धागे तुटले, बाकीचे टिकले.

आबा उठून बाहेर गेले. मग ते फोनवर गवंड्याशी बोलताना ऐकू आले. सोमवारी येऊ नको म्हणाले. पलीकडून त्यानं काहीतरी विचारलं असावं.

"न्हाई, बुजवायचं अजून ठरलं न्हाई. दिवाळीनंतर बघू."

माझ्या बोटांत एक गाठ अर्धी राहिली होती. ती मी पूर्ण केली.